एकेचाळीस नंबरची रात्रचिठ्ठी

१

माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, आरसासुद्धा ओळखीचा चेहरा दिसला की थोडं सांभाळून घेतो; आकडा मात्र कधीही खोटं बोलत नाही. हे थोर वचन आमच्या जनगणना कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेलं होतं. त्याच्याखाली कार्यालयाच्या स्थापनेचं साल होतं. ते चुकलेलं होतं.

त्या दगडाखालून मी एकतीस वर्षं आत गेलो आणि बाहेर आलो. हुद्दा पडताळणी अधिकारी. उंचीवरून सहकारी मला ‘अपूर्णांक’ म्हणत, आणि खुद्द साहेबसुद्धा. आमच्या कामात रहस्य वगैरे फारसं नसतं. कुणी सासूला मोजायचं विसरतो, कुणी मुद्दाम विसरतो, इतकंच. म्हणून तो तक्रारअर्ज टेबलावर आला तेव्हा मी तो दोनदा वाचला.

‘महोदय, आमच्या वस्तीतला एक माणूस चोरीला गेला आहे. तरी तो त्वरित परत मिळावा. आपला, अध्यक्ष, वस्ती समिती.’

प्रकार असा होता. डोंगरावर दगडखाणीची एक वस्ती. खाण बंद पडून नऊ वर्षं झालेली. ज्यांना खाली जाता आलं ते गेले, उरले ते उरले. घरं ब्याऐंशी. आमच्या मोजणीत माणसं भरली दोनशे नव्व्याण्णव. अध्यक्षांचं म्हणणं, तीनशे. एका माणसाने काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. पण नियम असा की वस्ती तीनशेच्या खाली गेली की आरोग्य केंद्र बंद. केंद्र म्हणजे दोन खोल्या, चार खाटा आणि एक नर्स. ते उठलं की सर्वांत जवळचं हॉस्पिटल चार तासांवर, तेही रस्ता जागेवर असला तर.

भांडण होतं एका मेलेल्या माणसावरून. ठरलेल्या रात्री बारा वाजता जो जिवंत, तो मोजायचा, असा आमचा नियम. बाराला मिनिटभर कमी असताना गेला, तर तो आमच्या लेखी नाही. बारानंतर मिनिटभराने गेला, तर पुढची दहा वर्षं आमच्या तक्त्यात सुखाने नांदतो. एकेचाळीस नंबरच्या घरातला म्हातारा नेमका त्याच रात्री वारला. बायकोने वेळ सांगितली पावणेअकरा. नर्सच्या दाखल्यात तीच. म्हणून तो वगळला गेला.

“अध्यक्ष म्हणतो, बारानंतर गेला,” साहेब म्हणाले. “जा अपूर्णांक, एक माणूस शोधून आण.”

“साहेब, तो मेलाय.”

“मग सोपं आहे. कुठे पळून जाणार नाही.”

डोंगर चढणाऱ्या बसमध्ये मी फाइल उघडली. प्रत्येक घराला आदल्या संध्याकाळी आम्ही एक रात्रचिठ्ठी देतो. बारा वाजून गेले की घरच्या कर्त्याने तीत हजर माणसांची नावं लिहायची, वेळ टाकायची, आणि सकाळी मोजणीदाराच्या हवाली करायची. चिठ्ठीच्या कोपऱ्यात घराचा क्रमांक छापलेला असतो. चाळीस नंबरच्या चिठ्ठीवर चाळीस होता, बेचाळीसवर बेचाळीस. एकेचाळीसव्या घराच्या चिठ्ठीवर बायकी अक्षरात एकच नाव होतं, आणि कोपऱ्यात छापलेला आकडा होता त्र्याऐंशी.

वस्तीत त्र्याऐंशीवं घरच नव्हतं.

२

अध्यक्ष बसपाशीच उभा होता. खाणीतला जुना मुकादम. उभा जन्म सुरुंगांच्या आवाजात गेल्याने हळू बोलणं त्याला ठाऊक नव्हतं. कानात सांगायची गोष्टही तो डोंगरभर सांगे.

“मास्तर, साहेब! मास्तर! त्यानंच कागद बदललाय!” समोरून शाळेचे मास्तर येत होते. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि रस्ता बदलला. रोजचंच असावं.

“ते का बदलतील?”

“बायको शहरात, हा इथं. दोनशे नव्व्याण्णववर शाळेची जागाही जाते, म्हणजे याची बदली झाली. आणि मोजणीदार कोण? हाच! मांजराला दुधावर बसवलंत तुम्ही.”

मग त्याने मला वर भोंग्यापाशी नेलं. खाणीचा जुना भोंगा, हाताने दांडा फिरवून वाजवायचा. त्याचा इतिहास त्याने न विचारता सांगितला. दहा वर्षांपूर्वीच्या मोजणीत सात माणसं एकाच्या घरी पत्ते खेळत बसली. त्यांच्या घरच्यांनी ती लिहिली नाहीत, कारण घरी नव्हती. ज्याच्या घरी होती त्याने लिहिली नाहीत, कारण पाहुणी होती. सात माणसं साफ गेली. म्हणून यंदा अध्यक्षाने स्वतःच्या डोक्याने फर्मान काढलं: रात्री अकराला पहिला भोंगा, तेव्हा ज्याने त्याने आपल्या घरी. साडेबाराला दुसरा. मधल्या दीड तासात उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही.

“असा आमचा नियम नाही,” मी म्हणालो.

“तुमचा नसेल, आमचा आहे. कुत्रंसुद्धा हललं नाही, साहेब.”

“कुत्री मोजत नाही आम्ही.”

“त्याला काय माहीत?”

“आणि त्या दीड तासात कुणाला काही झालं असतं तर?”

भोंग्याच्या दांड्यावरचा त्याचा हात थांबला. “दीड तासात कोण मरतंय,” तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. त्या दिवशी पहिल्यांदाच तो हळू बोलला. “साहेब, मी इथंच बसलो होतो. एकेचाळीसमधला दिवा शेवटपर्यंत जळत होता. बाई म्हणते पावणेअकराला गेला. मग रडणं साडेबाराला कसं ऐकू आलं? पावणेदोन तास ती काय करत होती?”

मी खाली पाहिलं. एकेचाळीस नंबरच्या घरासमोर एक बोळ होता, जेमतेम बारा पावलांचा. बोळाच्या पलीकडे पांढऱ्या रंगाचं दार होतं.

“ते कुणाचं घर?”

“ते? ते सिस्टरचं,” अध्यक्ष म्हणाला. “आमच्या नर्सचं.”

३

मास्तर शाळेत फळा पुसत होते. वर्गात कोणी नव्हतं. तरी ते नीट, कडेकडेने पुसत होते.

“विचारा,” ते म्हणाले. “बदली हवी आहे का? हवी आहे. अर्ज केलाय का? अकरा वेळा. बायको म्हणते, बाराव्या अर्जाला ती स्वतःच सही करेल, फक्त कागद दुसरा असेल. कागद बदललाय का?”

“बदललाय?”

“हो.”

पडताळणीच्या नोकरीत कबुली इतक्या लवकर मिळाली की पंचाईत होते. पुढे काय विचारायचं ते तयार नसतं.

“जास्तीच्या आठ चिठ्ठ्या होत्या माझ्याकडे. त्र्याऐंशी ते नव्वद. एक वापरली, सात कपाटात आहेत, मोजून घ्या. सकाळी गोळा करायला गेलो तेव्हा काका आतल्या खोलीत होते, चादर घातलेले. काकू दारात आल्या, म्हणाल्या, मास्तर, चिठ्ठीवर चहा सांडला, दुसरी द्या. मी दिली. त्यांनी माझ्यासमोर उभ्याउभ्या लिहिली. नुसतं स्वतःचं नाव.”

“पहिली चिठ्ठी पाहिलीत?”

“माणूस गेलेल्या घरात मी चहाचे डाग तपासू?” त्यांनी डस्टर ठेवलं. “एक मात्र सांगतो, साहेब. बाकी एक्क्याऐंशी घरांनी चिठ्ठ्या संध्याकाळीच भरून ठेवल्या होत्या. बारा वाजायची वाट कोण बघतो? वेळेच्या रकान्यात सगळ्यांनी छान बारा-पाच, बारा-दहा टाकलं आणि झोपले. पण काका खाणीचे टाइमकीपर होते. तीस वर्षं त्यांनी भोंगा वाजवला. त्या माणसाने बाराच्या आधी त्या कागदाला पेन लावलं नसतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे पावणेअकराला गेले असतील तर चिठ्ठी कोरी असायला हवी,” मास्तर म्हणाले. “आणि कोऱ्या चिठ्ठीवर चहा सांडला, तर कुणी दुसरी मागत नाही.”

४

काकूंनी दार उघडलं ते पदराला हात पुसतच. “मोजणीवाले ना? या. मी एकच आहे, लवकर उरकेल.”

खोली स्वच्छ, म्हणजे जाच वाटावा इतकी स्वच्छ. एक खाट, दोन खुर्च्या, एक डगमगतं स्टूल, आणि भिंतीवर उंचावर लंबकाचं मोठं घड्याळ. ते बंद होतं. काटे चार वाजून दहा मिनिटांवर.

माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. रहस्यकथांमधल्या बंद घड्याळांवर माझा पहिल्यापासून विश्वास आहे. चार-दहा! म्हणजे मृत्यू पहाटे चार-दहाला. म्हणजे नर्स खोटी, अध्यक्ष खोटा, सगळी वस्ती सामील! मी खाकरून गंभीरपणे विचारलं, “काकू, हे घड्याळ नेमकं कधी बंद पडलं?”

“ते होय? ते गेल्यानंतर आठ दिवसांनी. आठ दिवसांची किल्ली आहे. हे देत असत. माझा हात पोचत नाही.”

मी रोमांच खाली बसवले.

“सगळ्यांना विचारता तेच विचारा,” त्या म्हणाल्या. “साधारण पावणेअकराच्या सुमाराला गेले. झोपेतच. मला कळलंसुद्धा नाही. पहिला भोंगासुद्धा व्हायचा होता.”

“साधारण?”

“साधारणच. मी काय घड्याळ बघत बसले होते?”

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी खुर्चीवर बसून त्या शब्दाकडे बघत राहिलो. ज्या घरात तीस वर्षं टाइमकीपर राहिला, तिथे ‘साधारण’ आणि ‘सुमाराला’ ही पाहुणी मंडळी आली कुठून?

घड्याळाच्या खाली खिळ्याला एक वही टांगलेली होती. दोरा ओवलेली, कोपरे काळे झालेली. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू हळूहळू दिसेनाशी होते. काकूंनाही ती दिसेनाशी झाली असावी, नाहीतर तिथे राहिली नसती. मी उघडली. खाण बंद झाल्यावरही काकांनी वस्तीतल्या सगळ्या वेळा टिपल्या होत्या. बस किती उशिरा आली. शाळेची घंटा किती लवकर झाली. शेवटच्या नोंदीला मोजणीच्या रात्रीची तारीख होती.

‘पहिला भोंगा, ११.०२. दोन मिनिटं उशीर. अध्यक्षाकडून दुसरी अपेक्षा नव्हती.’

पावणेअकराला मेलेल्या माणसाने अकरा वाजून दोन मिनिटांनी अध्यक्षाची चूक काढली होती.

“साखर किती?” आतून आवाज आला.

“दोन,” मी म्हणालो.

५

आता हिशेब असा मांडायचा. बाई वेळ खोटी सांगते आहे, हे नक्की. पण खोटं बोलणारा माणूस आपल्याकडे ओढतो. हिने नवऱ्याला बारानंतर जिवंत ठेवलं असतं तर सगळ्या वस्तीने तिला डोक्यावर घेतलं असतं. उलट, तिने वेळ मागे ढकलली, आणि तीही बाराच्या जरा अलीकडे नाही, तर पार पहिल्या भोंग्याच्या मागे. का? भोंग्याआधी गेला म्हटल्यावर कोण सुटतं?

मी चहा संपवून बोळ ओलांडला. बारा पावलं. माझी पंधरा.

सिस्टरला सगळी वस्ती सिस्टर म्हणे; तिचा नवरा हयात होता तेव्हा तोही म्हणायचा, असं मास्तरांनी सांगितलं होतं. केंद्रात ती औषधांच्या बाटल्या खोक्यात भरत होती. खोक्यांवर ‘परत’ असं लिहिलेलं.

“इतक्यात?” मी विचारलं.

“पत्र आलंय. महिनाअखेर.” तिने हात थांबवला नाही. “मला शहरात जागा मिळेल. माझं वाईट होणार नाही. अध्यक्ष तुम्हाला सांगतीलच की मीच केलं.”

“अध्यक्ष म्हणतात, मास्तरांनी केलं.”

“मग उद्या माझी पाळी.”

मी तिची दाखल्यांची वही मागितली. गेल्या वर्षभरातले पाच मृत्यू. अक्षर टपोरं, मोत्यासारखं. प्रत्येक दाखल्यात दोन ओळी जास्तीच्या: अंग गार, मान ताठ, सुमारे पाच तास. अंग कोमट, बोटं सैल, तासाच्या आत. कुणी सांगितलं नसतानाही ती प्रत्येक वेळी हात लावून पाहत होती आणि लिहीत होती. सहावा दाखला एकेचाळीस नंबरचा. ‘पोचले १२.३३. मृत्यू १०.४५, पत्नीच्या सांगण्यानुसार.’ बस. खाली दोन ओळींची जागा कोरी.

“सिस्टर, त्या रात्री हात लावला नाहीत?”

तिने बाटली खोक्यात ठेवली. पुन्हा बाहेर काढली. लेबल वाचलं.

“लावला.”

“आणि?”

“साहेब, दुसरा भोंगा झाल्यावर तीन मिनिटांत मी तिथे होते, आणि ती तीन मिनिटंही माझं दार अडकलं म्हणून. अकरापासून मी बूट घालून, बॅग मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. आठवडाभर त्यांच्या छातीत बारीक कळ येत होती. खाली जा म्हटलं तर म्हणे, मोजणी होऊ दे, एक माणूस कमी भरेल.” ती थांबली. “याच्या पुढचं मला विचारू नका. तुमचा आकडा दोनशे नव्व्याण्णव आहे. तो राहू दे. खोकी भरून झाली माझी.”

“त्याने केंद्र जाईल.”

“जाऊ दे.”

“मुलं आहेत वस्तीत. म्हातारी माणसं आहेत.”

“ठाऊक आहे!” ती एकदम ओरडली. अध्यक्षाच्या वरताण. मग खिडकीतून बोळापलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “ठाऊक आहे हो. पण त्यांना कोण विचारणार, की काकू, तुम्ही हाक का मारली नाहीत? मी? तुम्ही विचाराल?”

मी पुन्हा बोळ ओलांडला. विचारायचं तर होतंच. फक्त ‘हाक का मारली नाहीत’ असं नव्हे, एवढंच.

६

“काकू,” मी म्हणालो, “चहा कशावर सांडला होता?”

त्या खाटेवर बसल्या. वही माझ्या हातात होती. त्यांनी ती पाहिली, घड्याळाखालचा रिकामा खिळा पाहिला, आणि स्वतःवरच हसल्यासारखं केलं.

“तीस वर्षं म्हणत होते, बाई, तुझं लक्ष नसतं.”

मग त्यांनी उशीच्या अभ्र्यात हात घालून चिठ्ठी काढली. चार घड्यांची. कुठेही डाग नव्हता. कोपऱ्यात छापलेला एकेचाळीस. टाइमकीपरचं अक्षर, ओळ जराही न ढळलेलं. शेवटी शेवटी मात्र पेन रुतलेलं.

‘वेळ १२.०१. हजर: स्वतः. हजर: पत्नी. एकूण दोन.’

आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथे आजवर कुणी काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं: ‘छातीत दुखत आहे. मोजणीस अडचण नाही.’

मी चष्मा काढून पुसला. काच स्वच्छच होती.

“पावणेबाराला उठून बसले,” काकू म्हणाल्या. “घामाने ओलेचिंब. मी म्हटलं, सिस्टरला बोलावते. मनगट धरलं माझं. म्हणाले, भोंगा व्हायचाय. मी म्हटलं, खड्ड्यात गेला तुमचा भोंगा. म्हणाले, तीस वर्षं मी लोकांना त्या भोंग्यावर थांबवलंय. कुणाचं पोर आजारी होतं, कुणाची आई, मी फाटक उघडलं नाही. आता मीच कसा मोडू? तू बाहेर दिसलीस आणि मोजणी बाद झाली, तर केंद्र जाईल. पाऊण तासाचा प्रश्न आहे. मग बाराची वाट बघत बसले. बारा वाजले तसं चष्मा मागितला आणि हे लिहिलं. मी दारापाशी गेले एकदा. उघडलंसुद्धा. मागून म्हणाले, ‘अजून वीस मिनिटं.’ मी दार लावलं.” त्या आपल्या मनगटाकडे बघत होत्या. “बारा-पंचवीसला सोडलं मनगट.”

“आणि सिस्टर आली.”

“भोंगा होऊन तीन मिनिटं झाली होती. दारातच विचारलंन, काकू, कधी? तिचा चेहरा पाहिलात ना तुम्ही? तो तेव्हा पाहायला हवा होता. बूट घालून बसली होती पोर, बारा पावलांवर. मी बारा-पंचवीस म्हटलं असतं, तर ती उभ्या जन्मात झोपली नसती. म्हणून म्हटलं, भोंग्याआधीच गेले. झोपेत. तू आली असतीस तरी काही झालं नसतं. तोंडातून गेलं, साहेब. बेरीज कुणाच्या डोक्यात होती? दोनशे नव्व्याण्णव मला महिन्याने कळले. मग मागे कसं घेऊ? एका पोरीचं मन राखायला गेले आणि सगळ्यांचा दवाखाना घालवून बसले.”

“आणि ही चिठ्ठी का जाळली नाहीत?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तो प्रश्न मी आजही परत घ्यायला तयार आहे.

“अंग गरम होतं, काकू.”

दारात सिस्टर उभी होती. किती वेळ, कोण जाणे. पायांत बूट होते.

“काय?” काकू म्हणाल्या.

“अंग गरम होतं. बोटं वळत होती. दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. बावीस वर्षं हेच करतेय मी. मला कळणार नाही?”

“मग पावणेअकरा का लिहिलंस?”

“तुम्ही सांगितलंत म्हणून.” ती आत आली नाही. उंबऱ्याच्या पलीकडेच राहिली, जणू दुसरा भोंगा अजून व्हायचा होता. “मला वाटलं, तुम्ही मला हाक मारली नाहीत ते तुम्हाला खातंय. म्हटलं, त्यांना पावणेअकरा हवंय तर पावणेअकरा. तुमचं दार उघडलं ते मी पाहिलं होतं, काकू. मी कडीला हात लावून उभी होते. दार परत लागलं. म्हटलं, गरज असती तर हाक आली असती.”

“आणि मी म्हटलं, हाक मारली तर तू येशील.”

“आलेच असते.”

“म्हणून तर.”

दोघी बोळाच्या दोन टोकांना राहून, एकमेकींना वाचवायला, एकाच माणसाला दोनदा मारून बसल्या होत्या. एकदा पावणेअकराला तोंडी आणि एकदा लेखी. माझी तपासणी पूर्ण झाली होती. बेरीज जुळली होती. जुळलेल्या बेरजेचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

शेवटी काकू म्हणाल्या, “आत ये. उंबऱ्यावर उभी राहू नकोस.” ती आली. काकूंनी खाटेवर जागा केली. सिस्टर बसली आणि तिने त्यांचं मनगट हातात घेतलं, नाडी बघतात तसं. पण ती मोजत नव्हती.

बराच वेळ गेल्यावर काकूंनी विचारलं, “ही चिठ्ठी तुम्ही नेणार?”

“न्यावी लागेल. तीच पुरावा.”

“परत मिळेल?”

“नियमात नाही.”

त्यांनी मान हलवली. नियमांशी त्यांचा संसार जुना होता.

मी मास्तरांना बोलावलं. नव्वद नंबरच्या चिठ्ठीवर शब्दन् शब्द नक्कल केली, शेऱ्यासकट. ‘खरी नक्कल’ म्हणून मी सही केली, खाली मास्तरांची आणि सिस्टरची घेतली. सही करताना मास्तरांनी शेरा वाचला आणि बदलीच्या अर्जाचा विषय त्या दिवसापुरता विसरले. सिस्टरने दाखल्यातल्या कोऱ्या दोन ओळी भरल्या, वेळ दुरुस्त केली, आणि त्याखाली आपली चूक आपल्याच टपोऱ्या अक्षरात कबूल केली. अहवालात मी लिहिलं: वस्तीची लोकसंख्या तीनशे. मूळ चिठ्ठी सादर करता येत नाही, कारण तीवर चहा सांडला. एकतीस वर्षांत सरकारी कागदावर जाणूनबुजून लिहिलेलं हे माझं एकमेव खोटं. दगडावरच्या वचनाची क्षमा मागून सांगतो, मला त्याचं काही वाटलं नाही.

केंद्र राहिलं. अध्यक्षाला मी फक्त ‘तीनशे’ एवढंच सांगितलं. तो ओरडणार म्हणून कानांवर हात न्यायच्या तयारीत होतो, पण त्याने विचारलं, “म्हणजे बारानंतर?” मी हो म्हणालो. तो बराच वेळ भोंग्याकडे बघत राहिला. मग त्याने दांडा उपसून काढला, खांद्यावर टाकला आणि घरी घेऊन गेला. आमच्या छापील पुस्तकात लहान वस्त्यांचे आकडे जवळच्या दहावर आणून छापतात, हे मला पुढच्या वर्षी कळलं. तिथे दोनशे नव्व्याण्णव असते तरी तीनशेच दिसले असते. निर्णय मात्र कच्च्या तक्त्यावर होतो, आणि कच्च्या तक्त्यात तो माणूस आता हजर होता. पत्नीही हजर. एकूण दोन.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी फाइल बांधली, चिठ्ठी काकूंच्या हातात परत दिली आणि दारापर्यंत गेलो. बस सुटायला पंधरा मिनिटं होती. सिस्टर अजून मनगट धरून बसली होती. अशा वेळी काहीतरी बोलावं असं माणसाला वाटतं. मीही एक वाक्य मनात जुळवत होतो, माणसाची मोजदाद आणि माणसाची किंमत अशा धर्तीचं, बऱ्यापैकी जमत आलं होतं.

“साहेब,” काकू म्हणाल्या, “निघालाच आहात, तर तेवढी घड्याळाला किल्ली देऊन जाल का?”

मी घड्याळाकडे पाहिलं. मग स्वतःकडे.

“स्टूल आहे की,” त्या म्हणाल्या. “फक्त बूट काढून चढा. कालच पुसलंय.”